लोन्त्सा: जनावर की जेवण? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात इटालियन कवितेवर थोडं लिहिलं आणि त्यावर जी पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप आले ते बघून वाटलं की कोल्हापूरकरांना कवीपेक्षा कवितेतल्या जनावरांतच जास्त इंटरेस्ट आहे. बरंच झालं. त्यातले काही प्रश्न घेतोय, बाकीचे पुन्हा कधीतरी.

प्रश्न: आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या दान्तेची 'दिव्हिना कोम्मेदिया' चालू आहे, इंग्रजीवरून मराठी करत करत. पहिल्याच सर्गात गाडी अडली. अंधाऱ्या जंगलातून बाहेर पडताना कवीसमोर तीन जनावरं येतात, त्यातला सिंह कळला, लांडगी कळली, पण पहिलं जनावर 'लोन्त्सा' म्हणजे काय? एका भाषांतरात लेपर्ड, दुसऱ्यात पँथर, तिसऱ्यात लिंक्स. नातवानं मोबाईलवर शोधलं तर मांसाच्या चकत्यांचे फोटो आले!
(एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

उत्तर: सर, फोटो बरोबरच आहेत. आजच्या इटलीत खाटकाकडं जाऊन लोन्त्सा मागितलं तर डुकराच्या पाठीचं मांसच मिळणार, मोबाईलला बिचाऱ्याला काय माहीत की तुम्ही चौदाव्या शतकात उभे आहात. जनावराचा लोन्त्सा वेगळा. तो जुन्या फ्रेंचमधल्या 'लोन्स'वरून आला आणि त्याच्या मुळाशी लिंक्सचं लॅटिन नाव आहे. पुढं फ्रेंच लोकांनी त्यातला पहिला 'ल' म्हणजे आपलं नेहमीचं उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखं) असणार असं समजून तो टाकूनच दिला, उरलं 'ओन्स', ते इंग्रजीत 'औन्स' झालं आणि शेवटी हिमालयातल्या हिमबिबट्याच्या शास्त्रीय नावात 'उन्शिया' म्हणून जाऊन बसलं. म्हणजे लिंक्सपासून निघालेला शब्द हिमबिबट्यावर जाऊन थांबला, तेव्हा निव्वळ शब्दाचं मूळ धरून गेलात तर कुठंही पोचाल.

म्हणून ओळी बघायच्या. दान्ते दोनच गोष्टी सांगतो, एक म्हणजे ही लोन्त्सा 'लेज्जेरा ए प्रेस्ता मोल्तो' आहे, अंगानं हलकी आणि भलतीच चपळ, आणि दुसरं म्हणजे तिची कातडी ठिपक्याठिपक्यांची आहे. ठिपके लिंक्सलाही असतात, चित्त्यालाही आणि बिबट्यालाही, त्यामुळं तेवढ्यानं निकाल लागत नाही. पण पुढं ती काय करते ते बघा. ती झडप घालत नाही, गुरगुरतसुद्धा नाही, फक्त तोंडासमोरून हलत नाही, आणि वाट अशी अडवून धरते की कवी परत फिरायला म्हणून पुन्हा पुन्हा मागं वळतो. हे मला त्या सगळ्या प्रसंगातलं सगळ्यात भारी वाटतं, कारण नंतर येणारा सिंह डोकं वर करून भुकेनं चवताळून येतो आणि लांडगी तर हाडांचा सापळा झालेली, पण पहिलं जनावर नुसतं समोर घुटमळतं.

अभ्यासक बहुतेक बिबट्याकडं झुकतात आणि त्याला आधार आहे. बायबलमध्ये यिर्मयाच्या पाचव्या अध्यायात, सहाव्या ओवीत सिंह, लांडगा आणि बिबट्या हे तिघं एकत्र येतात, माणसांच्या पापांची शिक्षा म्हणून, आणि तिथं लॅटिनमध्ये 'पार्दुस' आहे. दान्तेला ती ओवी पाठ असणार हे उघड आहे, मग त्यानं सरळ तोच शब्द न घेता लोन्त्सा का घेतला? याचं एक उत्तर असं देतात की फ्लॉरेन्समध्ये त्या काळी असं जनावर खरंच आणलेलं होतं, १२८५ सालच्या तिथल्या एका कागदात 'लेउन्चा'ची नोंद सापडते. दान्तेचा जन्म १२६५चा, म्हणजे तेव्हा तो विशीतला. गावात पिंजऱ्यात काहीतरी ठिपक्यांचं आलंय म्हटल्यावर विशीतला पोरगा बघायला जाणार नाही असं होतं का?

आता मराठीत काय करायचं. चपळ आणि हलकी म्हटल्यावर कुणालाही चित्ता आठवेल, शिवाय 'चित्ता' शब्द संस्कृत 'चित्रक'वरून आलाय, अंगावर चित्र असलेला, आणि दान्ते सोळाव्या सर्गात याच लोन्त्साला 'रंगवलेल्या कातडीची' म्हणतो. म्हणजे शब्दानं बघायला गेलं तर अगदी फिट. पण कोल्हापुरात बसून मी तो घेणार नाही. आपल्याकडं चित्ता म्हणजे संस्थानातला चित्ता, शाहू महाराजांच्या काळातला, डोळ्यावर पट्टी बांधून गाडीतून माळावर नेलेला, चित्तेवानानं पट्टी काढली की काळविटामागं सुटणारा आणि शिकार झाली की परत गाडीत येऊन बसणारा. देशातले चित्ते कमी पडायला लागले तसे आफ्रिकेतून मागवलेले होते. ते फोटो बघितलेल्या माणसाला चित्त्याची भीती नाही वाटत, कौतुक वाटतं. उलट बिबट्या म्हटलं की उसाच्या फडाकडची वाट आठवते, संध्याकाळची वेळ आठवते, आणि गाडी वळवून मागं जाणं आठवतं. दान्तेला नेमकं तेच पाहिजे.

फक्त एक भानगड राहते. लोन्त्सा बाईमाणूस आहे आणि लांडगीही, सिंह तेवढा पुरुष. जुन्या टीकाकारांनी लोन्त्सा म्हणजे कामवासना असं लावलं त्यात याचाही हात असणार. 'बिबट्याची मादी' हे वनखात्याच्या प्रेसनोटमधलं वाटतं. मी 'बिबटी' करेन, थोडं घडवलेलं वाटलं तरी लांडगीच्या शेजारी शोभतं. तीन जनावरांच्या नावात सुरवातीला तीन 'ल' आहेत, लोन्त्सा, लेओने, लूपा, ते मात्र मराठीत टिकत नाहीत, त्याला इलाज नाही.

आणि कामवासना हा अर्थ डोळे झाकून घेऊ नका. सोळाव्या सर्गात दान्ते म्हणतो की कमरेला एक दोरी होती, तिनं मी एकदा त्या लोन्त्साला पकडायचं म्हणत होतो, आणि तीच दोरी त्याचा वाटाड्या व्हर्जिल खाली दरीत टाकतो आणि वर येतो जेरिओन नावाचा राक्षस, म्हणजे साक्षात फसवणूक, ज्याच्या अंगावरही गाठींची आणि चक्रांची नक्षी रंगवलेली आहे. म्हणून नंतरच्या बऱ्याच जणांनी लोन्त्सा म्हणजे कपट असं धरलं. मला हे जास्त पटतं, देखणं आहे, अंगावर येत नाही, आणि वाट तर सोडत नाही.

प्रश्न: मी पक्ष्यांचे फोटो काढतो. लेओपार्दीची 'इल पास्सेरो सोलितारियो' ही कविता इंग्रजीत वाचली, तिथं 'लोनली स्पॅरो' असं होतं. मला एक सांगा, चिमणी कधी एकटी असते का? दहा-वीस तरी असतातच, आणि टॉवरच्या टोकावर बसून दिवस मावळेपर्यंत गाणारी चिमणी मी तरी बघितलेली नाही.
(एक पक्षीमित्र, पन्हाळा)

उत्तर: बरोबर पकडलंत! (कवीच्या आडनावातच बिबट्या आणि कविता चिमणीवर, हाही योग बघा.)

'पास्सेरो' म्हणजे चिमणा हे खरं, पण 'पास्सेरो सोलितारियो' हे दोन शब्द जोडून इटालियनमध्ये एका वेगळ्याच पक्ष्याचं रोजचं नाव आहे, आणि तो पक्षी तुम्ही बघितलेला आहे, पैजेवर सांगतो. इंग्रजीत ब्लू रॉक थ्रश. हिवाळ्यात पन्हाळ्याच्या तटबंदीवर, बुरजाच्या कडेला, एकटाच ताठ बसलेला, लांबून काळपट आणि उन्हात आला की निळा, शेपटी हलवत. शास्त्रीय नावातही 'सोलितारियुस' आहे. आपल्याकडं येणारी जी उपजात आहे तिचं नाव तर 'पांडू'! विल्यम साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३२ साली दख्खनच्या घाटातल्या पक्ष्यांवर लिहिताना ते दिलं. हे पांडू इटलीतून येत नाहीत बरं का, हिमालय आणि मध्य आशियाच्या बाजूनं येतात, इटलीतले त्यांचे भाऊबंद.

पण तुमचा प्रश्न कवितेचा आहे, आणि तिथं पक्षी कुठला यावर सगळा अर्थ उभा आहे. लेओपार्दीच्या गावच्या, म्हणजे रेकानातीच्या जुन्या मनोऱ्याच्या टोकावरून हा पक्षी गातोय, वसंत आहे, बाकीचे पक्षी जमून आकाशात गिरक्या घेतायत, हा त्यांच्यात जात नाही. कवी म्हणतो माझंही तसंच, गावात सण चाललाय, सगळी पोरं नटून रस्त्यावर, मी एकटा गावाबाहेर. इथपर्यंत चिमणी चालेल, कळपातून फुटलेली बिचारी चिमणी. पण शेवटच्या कडव्यात लेओपार्दी काय म्हणतो बघा, अरे पाखरा, तुझं आयुष्य संपत येईल तेव्हा तुला तुझ्या या वागण्याचा पस्तावा होणार नाही, कारण तुमची प्रत्येक ओढ निसर्गातूनच आलेली असते, पस्तावणार तो मी. आता हे वाक्य चिमणीला लावून बघा. चिमणीचा स्वभावच कळपाचा, ती एकटी पडली तर तिच्यासारखी दुर्दैवी तीच, मग कवी आणि पक्षी यांच्यात फरक काय राहिला? पक्षी जन्मजात एकांडा असेल तरच शेवट उभा राहतो. म्हणून थ्रशच.

मग चिमणीवाले भाषांतरकार अगदीच गाढव का? तसंही नाही. पास्सेरो शब्दामागं एक मोठी रांग आहे. बायबलच्या १०२व्या स्तोत्रात छपरावरचा एकटा पक्षी आहे, लॅटिनमध्ये 'पास्सेर सोलितारियुस', आणि तो धरून पेत्रार्कानं चौदाव्या शतकात 'कुठल्याही छपरावरचा पास्सेर माझ्याइतका एकटा कधी नव्हता' अशी सुरवात असलेलं सुनीत लिहिलं. तिथं पक्षी कुठला याचं त्याला सोयरसुतक नाही, त्याला एकटेपण पाहिजे, तिथं चिमणी केलीत तरी मी काही बोलणार नाही. लेओपार्दीच्या कानात हे सगळं होतं आणि खिडकीतून खरा पक्षीही दिसत होता. इटालियन वाचकाला दोन्ही एकदम ऐकू येतात, चिमणाही आणि तो निळा पक्षीही, आपल्याला मराठीत एकच निवडावा लागतो. मराठी पक्ष्यांच्या पुस्तकात कस्तुराच्या कुळातलं काहीतरी जोडनाव मिळेल, पण ते कवितेत फार जड होतं. माझं मत विचाराल तर 'एकांडा पांडू' करून टाका आणि खाली एक ओळ टीप द्या. हवालदार आठवून लोक हसतील हा धोका आहेच म्हणा.

प्रश्न: हुप्पो म्हणजे तो तुरेवाला पक्षी ना? फोस्कोलो नावाच्या कवीनं त्याला स्मशानात कवटीतून बाहेर काढलाय असं वाचलं. आमच्या शेतात तर तो सकाळी सकाळी किडे टिपत असतो, अगदी गोड पक्षी.
(इचलकरंजी)

उत्तर: तोच. कुणी हुदहुद म्हणतं, आणि चोच लांब दिसली म्हणून बरेच जण त्याला सुतारपक्षीच म्हणून मोकळे होतात, त्यात फोस्कोलोला एकट्याला कशाला नावं ठेवायची! १८०७च्या 'देई सेपोल्क्री' या कबरींवरच्या दीर्घ कवितेत चंद्रप्रकाश टाळायला ज्या कवटीत लपला होता तिच्यातून 'ऊपुपा' बाहेर पडतो, क्रूसांवरून फडफडतो, त्याला 'अमंगळ' म्हटलंय आणि तो हुंदके देत ताऱ्यांना दोष देतो. खरा हुप्पो रात्री झोपतो. काम घुबडाचं, नाव हुप्प्याचं. अमंगळ शब्दाला बायबलचा आधार आहे, लेवीयमधल्या अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत लॅटिनमध्ये 'उपुपा' येतो. आणि बाकी सगळं त्या नावाच्या आवाजानं केलं असं माझं मत, अंधारात 'ऊपुपा' म्हणून बघा एकदा.

विसाव्या शतकातल्या मोन्ताले या कवीला हे सहन झालं नाही. १९२५च्या 'ओस्सी दि सेप्पिया' या संग्रहात त्यानं हुप्प्याला 'कवींनी बदनाम केलेला हसरा पक्षी' म्हणून हाक मारली, कोंबड्यांच्या खुराड्यावरच्या खांबावर बसून तुरा फिरवणारा, वारा दाखवायला घरावर लावतात तसला खोटा कोंबडा, वसंताची वर्दी देणारा. त्या 'बदनाम'मध्ये फोस्कोलो आला.

भाषांतर करताना फोस्कोलोच्या जागी गुपचूप घुबड टाकायचा मोह होतो, तो करू नका, कारण मग मोन्तालेचा टोमणा मराठी वाचकाला कळणारच नाही. चुकलेला पक्षी चुकलेलाच ठेवा.

प्रश्न: एमएच्या प्रेझेंटेशनसाठी मोन्तालेच्या 'झेनिया' कविता घेतल्यात. पहिलीच ओळ 'प्रिय छोट्या कीटका, तुला माशी का म्हणायचे कुणास ठाऊक'. मी माशी म्हणजे क्षणभंगुरतेचं प्रतीक असं दोन पानं लिहिलं, आमच्या ग्रुपमधली एक म्हणते ही त्याची बायको आहे. खरं काय?
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: मैत्रीण बरोबर आहे गं. 'मोस्का', म्हणजे माशी, हे द्रुझिल्ला तान्झीचं टोपणनाव, मोन्तालेची बायको, १९६३ साली गेली, त्यानंतर त्यानं तिला उद्देशून या कविता लिहिल्या आणि त्या १९७१च्या 'सातुरा' संग्रहात आल्या. त्याच कवितेत पुढं बघ, तो जवळजवळ अंधारात यशयाचा ग्रंथ वाचत असताना ती शेजारी परत दिसते पण डोळ्यावर चष्मा नाही, आणि चष्मा नाही म्हणून ती त्याला बघू शकत नाही, आणि तिच्या चष्म्याची चमक नाही म्हणून तोही धुक्यात तिला ओळखू शकत नाही. चष्मेवाली माशी म्हटल्यावर प्रतीकाची दोन पानं काढून टाकायला हरकत नाही.

घोटाळा होतो तो लिपीमुळंही. इटालियनमध्ये पहिलं अक्षर मोठं आहे की लहान एवढ्यावर कळतं बाई आहे की कीटक (आणि मोठं अक्षर असेल तर रशियाची राजधानीसुद्धा, तिलाही मोस्काच म्हणतात). वर या पहिल्या ओळीत ते लहानच आहे, म्हणजे कवीनंच खोडी काढून ठेवलीय. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, मग संदर्भ आपणच द्यायचा. तालमीत आणि पेठेत ज्यांना खऱ्या नावानं कुणी ओळखतच नाही अशी माणसं आपल्याकडं कमी आहेत का, मराठी वाचकाला टोपणनाव पटकन कळतं, फक्त ते टोपणनाव आहे हे कुठंतरी आधी सांग.

जाता जाता, त्याच्याच कवितांत 'वोल्पे' आली तर तीही बाईच, कवयित्री मारिया लुइझा स्पात्सियानी. तिचं मराठी करताना 'कोल्हा' लिहू नकोस. आपल्या गावाकडचा कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल, रात्री कुई देणारा. वोल्पे म्हणजे खोकड. आपण दोघांना सरसकट कोल्हाच म्हणतो, पण इथं प्रेमातली बाई आहे, जरा जपून.

प्रश्न: पास्कोलीच्या 'लास्स्युओलो'तलं घुबड म्हणजे आपला पिंगळा का?
(गडहिंग्लज)

उत्तर: आकारानं जवळपास, पण पक्षी वेगळा. तो शिंगं असल्यासारखी पिसं असलेला छोटा घुबड, इंग्रजीत स्कॉप्स आउल, आणि त्याचा आवाज म्हणजे एकच स्वर, ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा. आपला पिंगळा कचाकचा भांडतो. शिवाय पिंगळा म्हटलं की पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा जोशी दारात उभा राहतो, त्याचं पास्कोलीकडं काही काम नाही.

कविता १८९७ची, तीन कडव्यांची, आणि पक्ष्याचं नाव फक्त शीर्षकात आहे. आत नुसता आवाज, प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकदा. पहिल्यांदा तो शेतातून येणारा 'आवाज' आहे, दुसऱ्यांदा 'हुंदका', तिसऱ्यांदा 'मरणाचं रडणं', आणि पक्षी तेवढंच ओरडतोय, बदलतोय ऐकणारा. म्हणून पक्ष्याच्या नावावर फार डोकं घालवू नका, आवाज सांभाळा. इटालियन उच्चार 'क्यू' असा आहे, पण तसं लिहिलंत तर वाचक रेशनच्या रांगेत जाऊन उभा राहील. 'किऊ' लिहा.

प्रश्न: दान्तेच्या त्याच पहिल्या सर्गातला 'वेल्त्रो' कुत्रा कोण? आणि या असल्या शब्दांसाठी नेटवर काही भरवशाचं आहे का?
(कागल)

उत्तर: वेल्त्रो म्हणजे सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रा. तुमच्या बाजूला कारवानी आणि मुधोळ पाळणारे बरेच आहेत, तेच डोळ्यासमोर आणा, लांडगीच्या मागं लागून तिला संपवणारा म्हटल्यावर तो शोभतोही. कोण, यावर सातशे वर्षं वाद आहे. व्हेरोनाचा सत्ताधीश कानग्रांदे हे नाव सगळ्यात जास्त घेतात, कारण त्याच्या नावाचाच अर्थ 'मोठा कुत्रा' होतो, कुणी सम्राट सातवा हेन्री म्हणतात, कुणी येणारा एखादा पोप. दान्तेनं मुद्दाम उघड केलेलं नाही, तेव्हा भाषांतरात 'शिकारी कुत्रा' एवढंच ठेवा, त्याला राजा करायची घाई नको.

नेटवर ट्रेकानी या इटालियन ज्ञानकोशाची साइट बघा, फुकट आहे. डिक्शनरी आहेच, शिवाय दान्तेचा स्वतंत्र ज्ञानकोश आहे आणि त्यात लोन्त्सा, वेल्त्रो दोघांवरही नोंदी आहेत. इटालियन येत नसेल तरी ब्राउझरमधून भाषांतर करून कामापुरतं कळतं, फक्त लोन्त्साच्या नोंदीत मधेच मांस आलं तर दचकू नका.